खालच्याच्या खिशातली चावी

होलेनाऊचा पूल चार वाजता उडवायचा, असा लेखी हुकूम होता. मेजर हासेलबाखनं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि बुटात खोचला. त्याला खिसा रिकामा हवा होता.

पंचेचाळीस सालचा एप्रिल, दुपारचे तीन वाजत आले होते. अमेरिकन रणगाडे पश्चिमेकडून येत होते आणि त्यांच्यापुढे पळणारी माणसं जर्मनीतली वेझर नदी ओलांडत होती. हातगाड्या, बाबागाड्या, गाय जुंपलेला एक खटारा. रांग पार टेकडीपर्यंत गेलेली. चार सोडा, सहालाही ती संपली नसती.

पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी सत्ताधारी पक्षाचा जिल्हाप्रमुख ग्रिम्के सुरुंग उडवायच्या यंत्राच्या पेटीवर बसला होता. बारा वर्षांपूर्वी हा दारोदार विमा विकायचा. सैनिकांवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून यंत्राची चावी त्यानं मुठीत आवळली होती.

"मेजर, चार म्हणजे चार. पुलावर माणसं असोत नाहीतर मेंढरं."

"माणसंच आहेत. तुमच्याच जिल्ह्यातली."

"पळपुटी आहेत."

"आणि तुमची मोटार? कालपासून तोंड पूर्वेला करून उभी आहे. जत्रेला निघालीय का?"

मागं सार्जंट रोवेडर उगाचच खोकला. सोळा सालापासून तो हासेलबाखबरोबर होता आणि हसू दाबायला खोकायची त्याची सवय जुनी होती.

हासेलबाख पुलाकडे बघत राहिला. चौदा साली, बाविसाव्या वर्षी, त्यानं फ्रान्समध्ये पहिला लाकडी पूल बांधला. पूल बांधणाऱ्या-उडवणाऱ्या सफरमैना पलटणीची रीत अशी, की पहिली तोफ जाताना बांधणाऱ्यानं पुलाखाली उभं राहायचं. छातीभर पाण्यात, खांबाला हात लावून तो उभा राहिला. अठरा साली माघारी येताना तोच पूल त्यानं उडवला. मग पोरांना सुरुंग शिकवत बसला. ग्रिम्केच्या पक्षाचे नवे धनी आले, तेव्हा त्यांनाही सलाम ठोकला. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. बढती हवी होती, बस. पुन्हा युद्ध: पोलंड, पुन्हा फ्रान्स, मग रशिया.

त्रेचाळीस साली तिथल्या एका नदीवर सकाळी सहाचा हुकूम होता. पुलावर गाड्या होत्या, गाड्यांवर बायका होत्या. सहाच्या ठोक्याला त्यानं चावी फिरवली आणि नोंदवहीत स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'काम वेळेत'. त्याबद्दल पदक मिळालं. सैनिकाला दुसरा इलाज नसतो, असं म्हणणारे खोटं बोलतात. त्या सकाळी इलाज होता. त्यानं केला नाही.

"चावी द्या," तो ग्रिम्केला म्हणाला. "शेवटची तपासणी राहिलीय."

"चावी कशाला?"

"नियम आहे. सुरुंगाशी जो माणूस खाली उतरतो, चावी त्याच्या खिशात. वरच्याचा हात चुकला तर खालच्याच्या चिंध्या होतात."

"तपासणी नको."

"ठीक. मग एवढं लिहून द्या, की जिल्हाप्रमुखांनी तपासणी करू दिली नाही. सुरुंग नाही फुटले, तर वर कागद लागेल. सही ठसठशीत करा."

ग्रिम्केचा चेहरा उतरला. माणसं मारायला तो भीत नव्हता, सहीला भीत होता. त्यानं चावी दिली.

हासेलबाख शिडीनं खाली उतरला. दोन खांबांत बारा-बारा, मिळून चोवीस सुरुंग होते, त्यानंच भरलेले. पहिल्या सुरुंगातली, त्याला पेटवणारी छोटी स्फोटक टोपी त्यानं हळूच ओढून काढली, तारा तोडल्या आणि टोपी नदीत सोडली. दुसरी. तिसरी. घाई करता येत नव्हती. एक टोपी हातात फुटली असती तर सगळंच गेलं असतं. चार वाजले तेव्हा अकरा झाल्या होत्या.

"मेजर! वेळ झाली! वर या!"

"तपासणी चालू आहे!"

"दुसरी चावी कुठंय?" ग्रिम्के वर कुणावर तरी ओरडत होता.

"रशियात राहिली, साहेब," रोवेडरचा आवाज आला. "यंत्रासकट. आणायला माणूस धाडू?"

ग्रिम्के कठड्यावरून ओणवा झाला. हातात पिस्तूल. "चावी वर टाक, नाहीतर गोळी घालतो!"

"घाल! पण नेम धरून घाल. मी पडलो की चावी माझ्यासकट वेझरमध्ये."

गोळी सुटली नाही.

"सार्जंट! जा, त्याला ओढून वर आण!"

रोवेडर उतरला. खांद्याला पिशवी.

"तुम्हाला ओढून न्यायला धाडलंय मला, साहेब."

"मग ओढ की."

"आधी पलीकडच्या खांबाचं उरकतो," असं म्हणून त्यानं बाही सावरली आणि तेरावी टोपी काढायला घेतली.

वर वीस सफरमैने उभे होते. त्यांतला एक पुढं झाला आणि सावकाश यंत्राच्या पेटीवर जाऊन बसला. "फाशी! सगळ्यांना फाशी!" असं ग्रिम्के बराच वेळ ओरडला. मग मोटारीचं दार आपटलं आणि इंजिनाचा आवाज पूर्वेकडे लांब गेला.

चोविसावी टोपी पाण्यात पडली. दोघं खांबाच्या कट्ट्यावर टेकले. रोवेडरनं पिशवीतून काळा पाव काढला, मोडून अर्धा पुढं केला.

"ग्रिम्के लष्करी पोलीस घेऊन परत येईल," तो म्हणाला.

"येऊ दे. टोप्या काढायला नदीत उतरावं लागेल त्याला."

"साहेब, त्रेचाळीसचं फिटलं म्हणायचं का?"

"नाही. ते फिटत नसतं. गप खा."

वर गायीचा खटारा पुलावर चढला. हासेलबाखनं तळहात दगडाला लावला. ओझं हळूहळू डोक्यावरून सरकत पुढं गेलं. मागून दुसरं आलं. चावी त्याच्या खिशातच होती आणि पुलाखालून उठायचा त्याचा मुळीच विचार नव्हता.