बाप्तिस्म्याचा दाखला

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेचं पत्रक आलं. गणवेशाचा स्वेटर निळाच हवा, डब्यात शेंगदाण्याचं काही नको, फाटकासमोर गाड्या उभ्या करू नका, मुलांच्या डोक्यात उवा आहेत का ते आठवड्यातून एकदा बघा. मी सगळं वाचतो. गाड्या रस्त्यावर आणायच्या लायकीच्या आहेत का हे तपासण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. नवा रंग दिसला की मी खाली गंज शोधतो. सातवी सूचना अशी होती: 'दुसरीच्या मुलांचं पहिलं कम्युनियन मे महिन्यात होईल. पालकांनी मुलांच्या बाप्तिस्म्याचा दाखला सप्टेंबरअखेर आणून द्यावा.'

आमच्या शीफ्राचा बाप्तिस्माच झालेला नव्हता. आयर्लंडमधल्या मेयो परगण्याच्या या कोपऱ्यात वीस किलोमीटरच्या आत दुसरी शाळा नाही, म्हणून ती कॅथलिक शाळेत जाते आणि प्रार्थनेच्या तासाला मागच्या बाकावर चित्रं रंगवते. निर्णय माझा होता. माझ्या आत्याची एकोणीस वर्षं नन्सच्या धोबीखान्यात गेली, आणि ती काही आपखुशीनं गेली नव्हती; 'बिघडलेल्या' ठरवलेल्या मुलींना तिथे कोंडून राबवायचे. माझ्या पोरीच्या डोक्यावर त्या चर्चचं पाणी पडणार नाही, असं मी तिच्या जन्माच्या दिवशीच सांगितलं होतं. ग्रॉनियानं, माझ्या बायकोनं, हातात हात देऊन ते कबूल केलं होतं.

सासूबाईंना, म्हणजे डिंफनाला, ते कधी पचलं नाही. बाबागाडीच्या गादीखाली संतांची पदकं निघायची, माझ्या मोटारीच्या कप्प्यात पवित्र पाण्याची बाटली सापडायची. मी ती मुकाट्यानं परत नेऊन द्यायचो आणि त्या मुकाट्यानं घ्यायच्या.

पत्रक आलं त्या दिवशी जेवताना शीफ्रा म्हणाली, "बाबा, वर्गात आम्ही अकरा जण आहोत. मे महिन्यात दहा जण पवित्र भाकर घ्यायला पुढे जाणार. मी काय करू, रंगवत बसू?"

तिनं ते रडून सांगितलं असतं तर मी टिकलो असतो. ती बटाटे खात खात, साधं विचारत होती. दोन दिवस मी तेच डोक्यात घोळवत होतो. शेवटी मनातल्या मनात आत्याची माफी मागितली आणि म्हणालो, करू या बाप्तिस्मा.

रविवारी आम्ही डिंफनाकडे ही बातमी सांगायला गेलो. मला वाटलं होतं, म्हातारी आनंदानं रडेल. त्या ब्रेडला लोणी लावत राहिल्या.

"एवढी काय घाई आहे?" त्या म्हणाल्या.

"घाई? सात वर्षं माझ्या गाडीत पाणी कोण लपवतंय?"

"पोर मोठी होऊ दे. तिचं तिला ठरवू दे."

"हे वाक्य माझं आहे, डिंफना."

त्यांनी आणखी एका ब्रेडला लोणी लावलं. तो कोणाला नको होता.

परत येताना मी ग्रॉनियाला म्हणालो, "तुझी आई काहीतरी लपवतेय."

"चौऱ्याहत्तर वर्षांची आहे ती. तुला काय, जिथे तिथे गंज दिसतो. आणि तसंही, ऑक्टोबरात हॅलोविन होऊन जाऊ दे ना. मग बघू."

"दाखला सप्टेंबरअखेर हवाय."

त्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. सासूबाईंना काही आजार तर नाही? की मुख्याध्यापिकांशी संगनमत करून ती सातवी सूचना त्यांनीच घालायला लावली, आणि आता मन खातंय? सोमवारी फाटकापाशी मी मुख्याध्यापिकांनाच, लॅव्हेलबाईंना, गाठलं.

"ही सूचना यंदाच कशी आली?"

"दर वर्षी असते, फर्गल. आधीच्या वर्षी तू दुसरीच्या पालकांसाठी लिहिलेलं वाचत नव्हतास, एवढंच."

बुधवारी संध्याकाळी गावच्या चर्चच्या फादर टूहींनी अर्ज भरायला आम्हाला बोलावलं. डिंफना धर्ममाता होणार, म्हणून त्याही आल्या होत्या. शीफ्रा बाहेर व्हरांड्यात बसली होती. फादरनी चहा दिला, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि मान वर न करता विचारलं, "जन्माच्या वेळी किंवा नंतर कोणी घाईघाईत बाप्तिस्मा वगैरे दिला नव्हता ना? विचारावं लागतं. एकदा झालेला पुन्हा करता येत नाही."

"नाही," मी म्हणालो.

डिंफनानं कप खाली ठेवला. "झालाय, फादर. माझ्या स्वयंपाकघरात, सिंकपाशी. पोर दोन महिन्यांची होती. जानेवारीचे दिवस, छातीत कफ, श्वास घेताना घरघर. मला राहवलं नाही हो. आणि आता पुन्हा होऊ दिला तर त्याचं पाप माझ्याच माथी."

मला संताप आला. पण खरं सांगतो, थोडं समाधानही वाटलं. म्हातारी काहीतरी लपवतेय हे मीच ओळखलं होतं. ग्रॉनिया टेबलावरच्या अर्जाकडे बघत होती.

फादरनी पेन ठेवलं. "डोक्यावर पाणी ओतलंत? शब्द बरोबर म्हणालात?"

"लहानपणी नन्सनी शिकवलं होतं, फादर. एक शब्द चुकला नाही."

"मग झालाच तो. मी वहीत नोंद करतो. फक्त साक्षीदार लागेल. त्या वेळी कोण होतं तिथे?"

"कोणी नाही. मी एकटीच होते."

"मग पंचाईत आहे. साक्षीदार नसेल तर 'आधी झाला नसेल तर' असं म्हणून मला तो द्यावाच लागेल."

डिंफनाचा चेहरा पडला, पण त्यांनी मान डोलावली. हेच मला खटकलं. ज्या गोष्टीला ही बाई आत्ताच पाप म्हणाली, ती आता होऊ द्यायला तयार आहे. कशासाठी? आणि 'एकटीच' हा शब्द फार पटकन आला होता. मी तो जानेवारी आठवायला लागलो. अंगणातला बर्फ. डिंफना घसरून पडल्या होत्या. मीच त्यांना कॅसलबारला हॉस्पिटलात नेलं, मीच परत आणलं, आणि महिनाभर रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मीच त्यांच्या ताटातलं मांस कापून देत होतो.

"डिंफना," मी म्हणालो, "तुमचा उजवा हात तेव्हा कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता."

त्यांनी उजवं मनगट टेबलाखाली घेतलं.

"एका हातानं तुम्ही पाणी ओतलं. मग पोर कोणी धरली होती?"

फादर आपल्या चहाकडे बघायला लागले.

"आई, राहू दे आता," ग्रॉनिया म्हणाली. "मी धरली होती, फर्गल. मीच आईला म्हटलं, कर. टॉवेलही मीच नेला होता."

सात वर्षं मी सासूच्या मागे लागलो होतो. गाद्या उचलून बघितल्या, कप्पे तपासले. त्या पदकं परत घ्यायच्या तेव्हा एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत, आणि मला वाटायचं, चोर सापडला म्हणून गप्प आहे. आणि जिनं माझ्या हातात हात दिला होता, तिच्याकडे मी एकदाही वळून बघितलं नव्हतं. मला फार एकटं वाटलं. आत्याची आठवण आली.

"साक्षीदार म्हणून पोरीच्या आईची सही चालते," फादर हळूच म्हणाले आणि अर्ज ग्रॉनियासमोर सरकवला.

तिनं सही केली.

दार उघडून शीफ्रानं डोकं आत घातलं. "बाबा, कधी होणार माझा बाप्तिस्मा?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"झालाय," मी म्हणालो. "कधीचाच झालाय, बाळा."