ईएफ गेला

ठाणाकुशनूरच्या उद्धवरावांना दोन ईएफची काळजी होती आणि त्यांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, त्यातला एकच ठाऊक होता.

छातीत दुखलं तेव्हा कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "ईएफ म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद. ती कमी झालीय, जपा." तेव्हापासून घरातलं लोणचं कुलपात गेलं. दुसरा ईएफ म्हणजे एन्व्हायर्नमेंट फंड. गावच्या तळ्यातली जलपर्णी काढायला तो मिळावा म्हणून उद्धवराव आणि त्यांचे मित्र काशाप्पा वर्षभर बीदरला खेटे घालत होते.

त्या दिवशी काशाप्पा एकटेच बीदरला गेले. फंडाचं विचारायचं आणि येताना उद्धवरावांच्या तपासणीचा रिपोर्ट आणायचा, अशी दोन कामं होती. उद्धवराव फोन घरीच विसरून तळ्यावर गेले होते, म्हणून काशाप्पांचा फोन सुशीलाबाईंनी उचलला. पलीकडं स्टँडवरचा गोंगाट.

"अक्का, अण्णांना सांगा, ईएफ गेला. साहेब म्हणाले, आता आशा धरू नका."

फोन कटला. सुशीलाबाई तशाच तळ्याकडं पळाल्या. उद्धवराव गुडघाभर पाण्यात उभे राहून जलपर्णी ओढत होते.

"अहो, बाहेर या! न्हाई, थांबा, चालू नका!"

"मग येऊ कसा?"

त्यांनी नवऱ्याला रिक्षात घालून घरी आणलं, बाजेवर निजवलं. मग तुपातला शिरा केला, कुलूप उघडून लोणचं वाढलं आणि पदरानं वारा घालत बसल्या. शिरा उद्धवरावांनी आनंदानं खाल्ला, पण लोणचं बघून ताट बाजूला सारलं.

"सुशीला, खरं सांग. काय झालंय मला?"

"काय न्हाई. खावा तुम्ही."

तेवढ्यात काशाप्पा आले. उद्धवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काशाप्पा, माझे किती दिवस राहिलेत?"

"काय बोलायलाव अण्णा? तळ्याचा ईएफ गेला. तुमचा तर वाढलाय, हा बघा रिपोर्ट."

सुशीलाबाईंना रडू आणि हसू एकदमच आलं. "तळ्याचा व्हय? जाऊ द्या की मग!"

"जाऊ द्या? हसायलीस कामून?" उद्धवराव ताडकन उठून बसले. "वर्षभर चपला झिजवल्या आम्ही!"

"दुसरी योजना हाय, अण्णा," काशाप्पा समजूत घालत म्हणाले. "बायोडायव्हर्सिटी प्रोजेक्ट. बीपी म्हणतात तिला."

"त्याचं काय झालं ते फोनवर सांगू नका," सुशीलाबाई म्हणाल्या, "घरी येऊन सांगा."

उद्धवराव मात्र भिंतीकडं तोंड करून पडले. रात्री जेवलेही नाहीत. आपण जीव वाचल्याच्या आनंदात हसलो, पण या माणसाचं काहीतरी खरंच गेलंय, हे सुशीलाबाईंना तेव्हा कळलं.

रविवारी सुशीलाबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन विळे-टोपल्यांसह तळ्यात उतरल्या. उद्धवरावांना काठावर बसायची तेवढी परवानगी होती. तिथून ते दिवसभर ओरडत होते, "अगं बायांनो, मुळासकट ओढा, मुळासकट!"

कुणीही त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.