तीनशे ग्रॅमचे खोटे

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. साखर-डाळीचा नव्हे, तान्ह्या बाळांचा. खाली लोखंडी पेटी, पुढे गोल तबकडी, तिच्यावर काळी सुई आणि डोक्यावर पांढरी खोलगट परात, असे माझे रूप. कारखान्यात माझी इतक्या वेळा तपासणी झाली की मला जरा गर्वच चढला. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षे मी एकाच दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर बसून आहे. माझ्या परातीत किती बाळे रडली आणि किती जणांनी मला न्हाऊ घातले, त्याला गणती नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण आज बढाया मारायला मी तोंड उघडलेले नाही. मला एक अपराध कबूल करायचा आहे.

मला सांभाळणाऱ्या सिस्टरची एक पद्धत होती. उघडी परात बाळाला गार लागते, म्हणून ती आधी मऊ दुपट्याची घडी अंथरायची. मग मागचा स्क्रू फिरवून माझी सुई शून्यावर आणायची आणि मगच बाळाला ठेवायची. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की मला पुसायची, परातीवर हात ठेवायची आणि दिवसभरात आलेल्या बाळांसाठी प्रभू येशूकडे प्रार्थना करायची. जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात तिचा दिवसभराचा शीण उतरलेला दिसायचा.

गेल्या वर्षी दुसरी सिस्टर रजेवर गेली आणि हिला मान वर करायला फुरसत उरली नाही. सकाळी एकदा शून्य बघायचे आणि दिवस रेटायचा, असे सुरू झाले. नेमका त्याच सुमारास माझा स्क्रू झिजला. टेबलाला धक्का बसला की सुई हळूच पुढे सरकायची. मला ते कळत होते. पण मला वाचा कुठे आहे?

दर गुरुवारी दुपारी एक आई आपल्या पहिलटकर लेकीला घेऊन यायची. हो, पहिलटकर आईच होती, लेक नव्हे. माझी जीभ आज चाचरते आहे. ती पोर होती तीन किलोची. दुसऱ्या गुरुवारी मी शंभर ग्रॅम जास्त दाखवले, तिसऱ्या गुरुवारी दोनशे, चौथ्या गुरुवारी तीनशे. पोर मात्र तीन किलोवरच अडली होती.

"सिस्टर, ही सारखी रडते हो. पोट भरत नाही बहुतेक हिचं. बघा ना, हात कसे काडीसारखे झालेत," आई म्हणाली.

सिस्टरने माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "अगं, काटा कधी खोटं बोलतो का? चांगली वाढतेय. उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

तीन दिवसांनी ती पोर निपचित पडली. तिला मोठ्या इस्पितळात न्यावे लागले. तिथल्या काट्याने खरे ते सांगितले. मग आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी मला उलटा करून पाहिले आणि झिजलेला स्क्रू सापडला.

"जुना काटा, बिघडला. संपलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

मी मनात म्हणालो, बरोबर आहे बाई, घाला माझ्याच माथी.

दुरुस्तीवाला येऊन नवा स्क्रू बसवून गेला. मी एका दिवसात बरा झालो. सिस्टर मात्र झाली नाही. संध्याकाळी ती परातीवर हात ठेवायची, "प्रभू, पोरीला बरं कर," एवढे म्हणायची आणि मध्येच उठून हात धुऊन यायची. पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. दोन मिनिटांच्या प्रार्थनेला अर्धा तास लागू लागला, तरी ती पुरी होईना.

सहाव्या दिवशी ती स्टुलावर मटकन बसली. "प्रभू," ती म्हणाली, "पोर बरी होऊ दे म्हणते, पण मनात दुसरंच असतं. ही गोष्ट दबून जाऊ दे, असं असतं. तुला काय ते माहीत आहेच. ती पोर तुझ्या हातात, आणि मी पण. मला फक्त सांगायचं बळ दे." तिचा हात परातीवरच राहिला. त्या दिवशी ती मध्ये उठली नाही.

दुसऱ्या दिवशी आई बाळाच्या वजनाचा तक्ता न्यायला आली. पोर अजून इस्पितळातच होती. सिस्टरने तक्ता दिला आणि म्हणाली, "स्क्रू ढिला होता हे खरं. पण शून्य बघायचं काम माझं होतं. तू सांगत होतीस ते ऐकायचं कामही माझंच होतं. मी चुकले."

"माझी पोर उपाशी रडत होती, आणि तुम्ही हसलात," एवढेच बोलून आई तडक निघून गेली.

"माफ केलं का तिनं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"नाही."

"मग एवढ्या शांत कशा तुम्ही?"

"माफी द्यायची की नाही, ते तिच्या हातात. लपवणं माझ्या हातात होतं, ते मी सोडलं. बाकीचं प्रभूवर सोपवलं, बाई. रडू येतं, पण आतली धावपळ थांबली."

महिन्याभराने एका गुरुवारी दारात तीच आई उभी राहिली. कडेवर ती पोर होती, गालांना बाळसे आलेली. आई कोणाशी न बोलता थेट माझ्यासमोर आली.

"आधी रिकामा दाखवा."

सिस्टरने दुपटे अंथरले आणि सुई शून्यावर आणली. आई वाकली, तबकडीला नाक लावून तिने पाहिले.

"टेबल हलवा. आता परत दाखवा."

तीनदा दाखवावे लागले. मग तिने पोरीला स्वतःच्या हातांनी परातीत ठेवले. चार किलो शंभर! मी उभ्या आयुष्यात इतके जपून वजन केले नव्हते. आई हसली नाही. पोरीला उचलून दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येते, ताई."

सिस्टरने मान हलवली आणि तोंड खिडकीकडे वळवले.

मित्रांनो, सिस्टरने माझी चूकही स्वतःवर घेतली आणि ती देवाच्या पायाशी ठेवून आली. मला तसे जाता येत नाही. माझ्या पोटात ते तीनशे ग्रॅम अजून आहेत. म्हणून तुम्हाला हात जोडून विनवतो, आम्हा मुक्या वस्तूंची वेळच्या वेळी निगा राखा. आणि एखादी आई काही सांगत असेल, तर आमची सुई काहीही म्हणो, आधी तिच्याकडे बघा.