विरुद्ध पक्षाचा परिच्छेद

मास्तर निवृत्त झालेले, लेक दवाखान्यात नर्स. परदेशातली नोकरी तिच्या अगदी हातातोंडाशी आली होती, पण घोडं अडलं होतं इंग्रजीच्या परीक्षेपाशी. त्यातही मत मांडायच्या निबंधापाशी. म्हणून ड्यूटीवरून आली की युनिफॉर्म न बदलताच ती वडिलांसमोर बसायची.

"भिंगरे, आधी मत ठरव, मग पेन उचल," मास्तर लेकीला लाडानं बजावायचे. "सुरुवातीलाच मत. मग कारणं, उदाहरणांसकट. मग विरुद्ध पक्षाचं म्हणणं आणि त्याला उत्तर. शेवटी पुन्हा आपलंच मत, वेगळ्या शब्दांत. आणि विरुद्ध पक्षाचं बुजगावणं करून झोडपू नकोस. त्यानंच म्हणायला हवं, हो, मला हेच म्हणायचं होतं!"

"आणि त्यानं मलाच पटवलं तर?"

"तर नापास!"

आजचा विषय तिनंच निवडला: म्हाताऱ्या आईवडिलांनी मुलांकडे राहायला जावं का? मास्तर उगाचच चष्मा पुसत बसले. ती त्यांनाही सोबत नेणार होती आणि ते तिला नुसतं 'बघू, बघू' म्हणून झुलवत होते. नाही म्हणायची छाती नव्हती. तिनं कारण विचारलं असतं, तर ते धड सांगताही आलं नसतं.

तिनं कागद पुढे सरकवला. मास्तरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. मत ठणठणीत होतं: जावं. कारणंही चोख, एकटं माणूस पडलं-झडलं तर बघणार कोण? मग विरुद्ध पक्ष आला.

म्हाताऱ्याला आपल्या घरात अंधारातही दिव्याचं बटण सापडतं, तिनं लिहिलं होतं. कोपऱ्यावरचा न्हावी काही न विचारता त्याला हवे तसे केस कापतो. स्वतःचे केस पिकलेली माणसं रस्त्यात त्याला 'मास्तर' म्हणून थांबवतात. लेकीकडे त्याला प्रेमानं जेवायला वाढतील, पण त्याच्याकडून कुणाला काही शिकायचं नसेल.

हे मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा इतक्या सरळ शब्दांत नाही. जन्मभर एवढी पुस्तकं चाळली, त्यांत कुठं न सापडलेलं आपलं मन या पोरीच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत असं लख्ख उभं? क्रियापदाचा काळ चुकला होता, एक शब्द गळला होता. पण पेन काही हलेना.

परिच्छेदाखाली जागा कोरीच होती.

"उत्तर कुठंय?"

"सुचलं नाही."

"अगं, मार्क जातील!"

"जाऊ देत आज." तिनं कागद ओढून घेतला, पहिल्या ओळीतलं मत खोडलं आणि वर उलटं मत लिहिलं. "परीक्षेत नाही हो करणार असं. पण बाबा, ते 'बघू' आता पुरे. मी एकटीच जाते. रोज फोन करीन. उचलला नाहीत, तर न्हाव्याला पिटाळीन तुमच्याकडे."

मास्तरांना हसू आलं. त्यांनी हात पुढे केला.

"दे तो कागद."

"तपासायला?"

"नाही गं. परत वाचायला."