नंतर बघू

तिनं तळघरातल्या सर्व्हरची वायर खोचली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत गुडघ्यांवरच बसून राहिली. रुग्णालयाच्या प्रणालीतल्या चुका टिपणारं सॉफ्टवेअर आजपासून इथंच, रुग्णालयाच्या स्वतःच्या मशीनवर चालणार होतं. बाहेरच्या कंपनीकडे काही जायला नको, असं साहेबांनी बजावलं होतं.

"रुग्णांची माहिती बाहेर जाता कामा नये," ते म्हणाले होते, मग हसून, "आणि आपली लक्तरंसुद्धा."

वर येऊन तिनं कोड उघडला. जिथं जिथं चूक गुपचूप गिळली जात होती, तिथं तिथं ती नव्या मशीनला कळवणारी ओळ घालत गेली. रक्त मागवण्याच्या पानाशी हात थबकला. मागणी जतन झाली नाही तरी पडद्यावर 'नोंद झाली' असंच यायचं. शेजारी टीप होती: नंतर बघू.

कुणी लिहिली ते शोधायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी, घरी जायच्या घाईत, तिनंच.

दुपारपर्यंत नव्या मशीनवरच्या चुकांच्या यादीत तीच चूक सात वॉर्डांतून आली. तिनं सातही वॉर्डांना फोन करून मागण्या पुन्हा नोंदवायला लावल्या. मग साहेबांच्या दारात उभी राहिली.

"सिस्टर खरं बोलत होत्या."

"कोण सिस्टर?"

"गेल्या वर्षी काढलेल्या. त्या बाळंतिणीला रक्त मिळालं नाही, तेव्हा. 'मी बटण दाबलं होतं' म्हणून घसा फोडून सांगत होत्या."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "ओळ दुरुस्त कर, यादी पुसून टाक. जुनी मढी उकरू नकोस. नोकरी जाईल तुझी, बाई."

"त्यांची गेलीच की."

तेव्हाच्या चौकशीत छातीठोकपणे बोलली होती ती स्वतःच: प्रणालीत एकही चूक नोंदलेली नाही. चूक नोंदवायची सोयच नव्हती, म्हणून चूक नव्हती. आणि सगळ्यांनी मिळून एका बाईच्या डोक्यावर खापर फोडलं होतं.

जागेवर येऊन तिनं ईमेलला यादीचं चित्र जोडलं, चौकशी समितीचा आणि सिस्टरचा पत्ता घातला. खाली लिहिलं: 'सिस्टरनी बटण दाबलं होतं. ओळ माझी आहे.'

पडद्यावर आलं, 'पाठवलं.'

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. मग तिनं फोन उचलला आणि सिस्टरचा नंबर फिरवला.