छावणीच्या फाटकाचे कुलूप

दिनांक बारा जानेवारी दोन हजार पंचवीस, रविवार, दुपारचे तीन. स्थळ मुर्री, जिल्हा गोंदिया. मित्रांनो, धानाच्या कोठीला लटकलेले मी एक जुने, गंजलेले कुलूप आहे.

माझा जन्म अलीगढचा. पोलादी अंग, जाड कडी आणि एकच किल्ली. सुभेदार उदाराम यांच्या तुकडीबरोबर मी परमुलखात गेले आणि शांतिसेनेच्या छावणीच्या फाटकाला लागले. किल्ली उदारामांच्या कमरेला असे. "असे पक्के कुलूप दुसरे नाही," असे छावणीचे साहेब म्हणत आणि मी फुगून जाई.

एका सकाळी गावेच्या गावे फाटकाशी आली. मागून बंदूकवाले येत होते. बायांनी गजांतून लेकरे पुढे केली. उदारामांनी साहेबांना विचारले, साहेबांनी मुख्यालयाला, मुख्यालयाने दूरच्या राजधान्यांना. तेथे या प्रकाराला कोणता शब्द लावावा, याची चर्चा चालली होती. दुपारपर्यंत उत्तर आले नाही. दुपारनंतर फाटकाबाहेर मागणारे कोणी उरले नाही. एक हात तेवढा माझी कडी धरून होता. तो सोडवावा लागला.

छावणी उठली तेव्हा मी मोडीत निघाले. उदारामांनी मला आपल्या ट्रंकेत घातले; कशासाठी, ते कोणाला सांगितले नाही. तेव्हापासून सत्तावीस वर्षे मी त्यांच्या घरचे धान राखते आहे. तेलाचा थेंब मिळाला नाही. लोखंडाला इच्छा नसते, म्हणून दोषही नसतो, अशी मी स्वतःची समजूत घालीत आले.

आता उदारामांना चौकशी आयोगाचे पत्र आले आहे. फाटक का उघडले नाही, असे त्या दिवशी वाचलेल्या एका बाईने विचारले आहे. जबाब उद्या टपालात पडायचा आहे. उदारामांनी तो ओसरीवर पत्नीला, जमुनाबाईंना, वाचून दाखवला: "आदेश न मिळाल्यामुळे फाटक उघडता आले नाही."

"एवढंसं लिवाले आठ दिस लागले?" तांदूळ निवडता निवडता जमुनाबाई म्हणाल्या.

"फौजेत ऑर्डरबिगर पान हालत नाही. तुले का समजते?"

"मले तलाव समजते. पाळ फुटून राहिली होती, अन् पाटील गोंदियाले गेला होता. माह्या बापानं पान्यात उडी घेतली, पानी सोडाच्या तुडुमाचं भोक मोकळं केलं. मंग खाल्ल्या पाटलाच्या शिव्या. गाव तर वाचलं."

"तुया बाप फौजेत नोहता. इथं पुरी दुनिया चूप होती!"

"दुनियेचा जबाब दुनिया देईल."

मित्रांनो, मला तेल घाला, असे मी मागत नाही. दोषींच्या यादीत राजधान्यांची नावे जरूर लिहा. मात्र खाली फाटकावरच्यांचीही लिहा, आणि त्यांत माझे गाळू नका.

उदारामांनी कमरेची किल्ली काढून कागदावर ठेवली. जमुनाबाईंनी सूप खाली ठेवले.

"चाबी तुमच्याजवळ होती," त्या म्हणाल्या. "तुमीच नाही उघडलं."