जावईबापूंची गाळणी

बर्फाच्या कारखान्याच्या मालकांनी जावयाला व्यवस्थापक केलं, तेव्हा जावयाकडे दोन पदव्या होत्या आणि एक वही. दिसेल ते ते वहीत लिहीत. जे दिसत नाही ते नसतंच, अशी त्यांची समजूत होती आणि तिलाच ते हुशारी म्हणत. कामगार तोंडावर त्यांना साहेब म्हणत आणि पाठीमागे जावईबापू.

तिसऱ्याच दिवशी त्यांनी लांब दांड्याची गाळणी मागवली आणि मिस्त्रींना टाकीपाशी बोलावलं. मिस्त्रींची सव्वीस वर्षं त्या टाकीपाशी गेली होती. टाकीत मिठाचं पाणी आणि त्यात साध्या पाण्याचे पत्र्याचे डबे बुडवलेले. मिठाचं पाणी शून्याखाली गेलं तरी वाहतं राहतं, डब्यांतलं मात्र गोठतं आणि लादी तयार होते. शास्त्र एवढंच, पण दोन पदव्यांच्या मधून ते कुठेतरी निसटलं होतं.

"हे बघा," म्हणत जावईबापूंनी बादलीभर पाण्यात बर्फाचे तुकडे टाकले आणि गाळणीनं उचलून दाखवले. "पाण्यात टाकलेली वस्तू पुन्हा बाहेर काढता येते. बरोबर?"

"बर्फ काढता येतो, साहेब."

मग त्यांनी तीच गाळणी टाकीत घालून पाच वेळा फिरवली. बोटं गारठली, हाती काही लागलं नाही.

"चाळीस पोती मीठ आलं होतं. एक दाणा सापडत नाही. कुणाच्या घरी गेलं?"

कामगार जमिनीकडे बघायला लागले. मिस्त्रींना आधी हसू फुटलं, मग घाम. कारण साहेब थट्टा करत नव्हते. सव्वीस वर्षांत खिळासुद्धा घरी न नेलेल्या माणसाला हा शहाणा चारचौघांत चोर म्हणत होता.

"साहेब, बर्फ पाण्यात वेगळा राहतो, ते नुसतं मिश्रण. मीठ विरघळतं, थेंबाथेंबात भिनतं, त्याला द्रावण म्हणतात. ते गाळणीत कसं येईल? बोट बुडवून चाखा."

"मी इथं चाखायला आलेलो नाही. उद्या मामंजींसमोर मीठ हजर करा, नाहीतर घरी बसा. आणि टाकी रिकामी करून साधं पाणी भरा. मिठावाचून काम चालतंय, हे दिसतंच आहे."

"टाकी गोठेल, साहेब."

"पाणी गोठावं म्हणूनच कारखाना काढलाय ना?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. टाकी उपसण्याआधी त्यांनी पातेलंभर पाणी काढलं आणि खानावळीतल्या शेगडीवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले, तेव्हा सगळी टाकी म्हणजे एकच लादी झाली होती. डबे जागच्या जागी अडकले होते, पाणी ढवळणाऱ्या पंख्याचं पातं तुटलं होतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या फाटकात ताटकळत होत्या. जावईबापू वहीत काहीतरी लिहीत होते. काय, ते त्यांनाच माहीत.

मिस्त्रींनी कोरडं पातेलं मालकांपुढे ठेवलं. तळाशी पांढरा थर होता. मालकांनी बोटानं खरवडून जिभेला लावला आणि पातेलं जावयाकडे सरकवलं.

"चाखा, जावईबापू."

जावईबापूंनी चाखलं. तोंड वाकडं झालं.

"काय आहे?"

"मीठ," ते पुटपुटले.

"मोठ्यानं. काल जितके लोक ऐकत होते, तितक्यांना ऐकू जाऊ दे."

"मीठ आहे. टाकीतच होतं."

मालकांनी मान वळवली. "मिस्त्री, आता काय करायचं?"

"बर्फ फोडायचा, नवं मीठ टाकायचं." मिस्त्रींनी कोपऱ्यातली गाळणी उचलून जावईबापूंच्या हातात दिली. "ढवळायला हीच चालेल, साहेब. पंखा मोडलाय. चाळीसही पोती तुम्ही स्वतः ओता आणि मीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळा. मी इथंच बसतो. कुठं गेलं, ते नंतर मला विचारू नका."